सोनेरी फासा

गेल्या पावसाळ्यात मी ‘बॉल्डर्स गेट ३’ हा गेम त्याच्या सगळ्यात अवघड पातळीवर पूर्ण केला. बक्षीस म्हणून गेमने मला एक सोनेरी फासा दिला. तो खरा नाही, पडद्यावरचाच आहे. पुढच्या वेळी खेळताना साध्या फाशाऐवजी तो घरंगळतो, एवढाच त्याचा उपयोग. हा फासा मी वापरत नाही. तो मी कमावला की नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. या लेखात तेच सांगून पाहणार आहे.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओज या कंपनीने तो ऑगस्ट २०२३मध्ये आणला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. राक्षस, चेटकिणी, ड्रॅगन असलेली ही एक मोठी कल्पित दुनिया आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-पेन्सिल-फाशांच्या जुन्या खेळाच्या नियमांवर ती उभी आहे. आपण चार जणांची टोळी घेऊन हिंडतो. कुलूप उघडायचं, पहारेकऱ्याला थाप मारायची, तलवार चालवायची, काहीही करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा पडतो. कुलूप उघडताना किंवा थाप मारताना एक पडला, तर तुम्ही कितीही कुशल असा, काम बिघडतंच. म्हणजे वीसात एकदा हमखास अपयश. सेटिंग्जमध्ये ‘कार्मिक डाइस’ नावाचा एक पर्यायही आहे. तो चालू असला की सलग वाईट दान पडण्याचं प्रमाण गेम कमी करतो. कर्माची ही व्याख्या आपल्याकडच्या कुठल्याही पोथीत सापडणार नाही.

गेमच्या नेहमीच्या पातळ्या तीन : एक्सप्लोरर, बॅलन्स्ड आणि टॅक्टिशियन. या तिन्हींत तुम्ही वाटेल तेव्हा, वाटेल तितक्या वेळा खेळ सेव्ह करू शकता. दान वाईट पडलं, सेव्ह उघडा. माणूस मेला, सेव्ह उघडा. ३० नोव्हेंबर २०२३ला आलेल्या अपडेटमध्ये चौथी पातळी आली, ‘ऑनर मोड’. तिथे मोठे शत्रू जास्त ताकदीचे असतात आणि त्यांच्याकडे जादा डाव असतात. पण खरा फरक वेगळाच आहे. तिथे सेव्ह एकच. गेम तोच तो पुसून त्यावरच पुन्हा लिहितो. एकदा घडलं ते घडलं. चौघंही मेले, की गेम तुमचा आतापर्यंतचा हिशेब दाखवतो आणि विचारतो : इथे संपवायचं, की ऑनर मोड बंद करून पुढे खेळायचं? पुढे खेळलात तर गोष्ट पूर्ण होते, पण सोनेरी फासा मिळत नाही.

ऑनर म्हणजे मान, इभ्रत. ती कुणापुढे, हे मात्र गेम सांगत नाही.

*

मी मुर्रीत राहतो. गोंदिया शहराला लागूनच आमचं गाव आहे. इंजिनीअरिंगनंतर काही वर्षं पुण्यात काढली आणि आता घरून काम करतो. दीडशे जीबीचा हा गेम उतरवायला मला काही रात्री लागल्या होत्या. कामाचा लॅपटॉप वेगळा, गेमचा कॉम्प्युटर वेगळा. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे, दिवे आणि वायफाय चालतं. गेमच्या कॉम्प्युटरचा भार त्याला झेपत नाही, म्हणून तो थेट लाइनवर आहे. ही बारीकसारीक माहिती पुढे लागणार आहे.

ऑनर मोडमधले माझे पहिले दोन प्रयत्न लवकर आटोपले. पहिल्यांदा डोंगराच्या वाटेवर गिथयांकी टोळीशी मस्ती केली आणि चौघंही तिथेच गेले. दुसऱ्यांदा आणखी थोडा पुढे जाऊन मेलो. दोन्ही वेळा वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात एक स्वच्छपणा होता. हरलो होतो, विषय संपला होता.

त्या काळात आईने एकदा जेवायला वाढताना विचारलं, “काहून रे, यात सोपंही असते ना? मग कठीणच काहून घेतोस?”

प्रश्न बरोबर होता. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८मध्ये ‘द ग्रासहॉपर’ नावाच्या पुस्तकात याच प्रश्नाला हात घातला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : खेळ खेळणं म्हणजे ज्यांची गरज नाही असे अडथळे आपणहून पत्करून ते ओलांडायचा प्रयत्न करणं. गोल्फचा चेंडू खड्ड्यात टाकायचाच असेल, तर हातात घेऊन चालत जावं आणि टाकावा. तसं कुणी करत नाही, कारण मग चेंडू खड्ड्यात पडेल, पण गोल्फ झालेला नसेल. नियम काढले की ध्येयही नाहीसं होतं. म्हणून सूट्सच्या मते, जो फसवतो तो खेळ जिंकू शकत नाही, कारण तो त्या वेळी खेळतच नसतो.

आईला मी हे सांगितलं नाही. “तू एकादशी काहून धरतेस?” एवढंच विचारलं. ती हसली. तिच्या दृष्टीने दोन्ही गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर होतं आणि ते असणारच. पण एक गोष्ट सारखी होती. घरात धान भरलेलं असताना, कुणी सांगितलेलं नसताना, ठरावीक दिवशी भात खायचा नाही असं ती स्वतः ठरवते. आमच्या भागात दोन वेळा भात असतो, भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. तिच्या उपासाला अर्थ येतो तो त्यामुळेच.

*

तिसरा प्रयत्न मात्र लांबला. शंभराहून जास्त तास झाले. कथेच्या तिसऱ्या आणि शेवटच्या भागात पोहोचलो. तिथे राफाएल नावाचा एक सैतान आहे. गोड बोलणारा, करारपत्रं पुढे करणारा, माणसाला त्याच्या अडचणीच्या वेळी बरोबर गाठणारा. त्याच्या घरात जाऊन त्याच्याशी लढता येतं. लढाईच्या पार्श्वभूमीला तो स्वतःच्या आवाजात गाणं म्हणतो. माझे दोघे पडले होते, तिसरा पडायच्या बेतात होता. बाहेर पाऊस सुरू होता. आणि लाइट गेली.

पंखा इन्व्हर्टरवर फिरत राहिला. पडदा काळा झाला.

तासाभराने लाइट आली. गेम उघडला, तर मी लढाईच्या आधी उभा होतो. शेवटचं सेव्ह तिथलं होतं. चौघंही धडधाकट. राफाएलचे डावपेच मला आता माहीत होते. त्याला बळ देणारे आत्म्यांचे खांब आधी फोडायचे, हे कळलं होतं. दुसऱ्या वेळी मी जिंकलो.

हे मी मित्राला फोनवर हसत हसत सांगितलं. हा मित्र कॉलेजपासूनचा, आता बंगळुरूला असतो. तोही ऑनर मोडच्या मागे होता. तो म्हणाला, “देवाने लोड केलं तुझं सेव्ह.” मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. मी काहीच केलं नव्हतं.

आठवडाभराने अन्सुरची गाठ पडली. शहरातल्या किल्ल्याच्या पोटात, जमिनीखाली हा मेलेला ड्रॅगन आहे. त्याच्याशी लढलंच पाहिजे असं नाही, ती लढाई ऐच्छिक आहे. तिथे एक भारी तलवार मिळते, म्हणून मी गेलो. अन्सुर मध्येच एका डावात अंगात वीज साठवतो आणि पुढच्या डावात ती फोडतो. तेवढ्यात आडोशाला लपायचं असतं. मी लपलो. म्हणजे लपलो असं वाटलं. ‘एंड टर्न’ दाबल्यावर दिसलं की माझा कोन चुकलाय आणि चौघंही उघड्यावर आहेत.

माझा हात भिंतीवरच्या बोर्डाकडे गेला आणि मी बटण बंद केलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. चालू प्रोग्रॅम मारायला मला दोन क्लिक लागतात. सेव्हची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये असते हेही मला माहीत होतं. तिची प्रत काढून ठेवली असती, तर ऑनर मोडला काही अर्थच उरला नसता. हे दोन्ही मार्ग मी कधी वापरले नव्हते, त्याचा मनातून अभिमान होता. ऐन वेळी मात्र मी भिंतीवरचं बटणच निवडलं. का, ते मला नंतर कळलं. त्याने जे झालं ते लाइट गेल्यासारखं दिसत होतं. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. मी कुणाला दाखवत होतो?

दुसऱ्या दिवशी अन्सुरला हरवलं. पुढे दोन आठवड्यांत गेम संपला. फासा मिळाला. मित्राला स्क्रीनशॉट पाठवला, त्याने अभिनंदन केलं. राफाएल आणि लाइटचा किस्सा आम्ही पुन्हा एकदा काढला. अन्सुरबद्दल मी बोललो नाही.

*

पुढचे काही दिवस मी स्वतःशी भांडत होतो. माझ्या बाजूचे मुद्दे काही कमजोर नव्हते.

पहिला मुद्दा : यात कुणाचं काहीच गेलं नाही. स्पर्धा नव्हती, पैसे नव्हते, कुणाची जागा मी घेतली नाही. नियम मी स्वतःला घालून घेतला होता. जो घालतो तो काढूही शकतो. हा युक्तिवाद जुना आहे. कांटने १७९७मध्ये नीतिशास्त्रावर लिहिताना हाच पेच मांडला : माणसाचं स्वतःशी काही कर्तव्य असतं असं म्हटलं, तर बांधणारा आणि बांधलेला एकच होतो. मग बांधणारा कधीही गाठ सोडू शकतो. म्हणजे ती गाठ होती तरी कुठे? कांट त्यातून माणसाकडे दोन बाजूंनी पाहून वाट काढतो. मला ती वाट नीट पेलत नाही, पण पेच खरा आहे एवढं कळतं.

दुसरा मुद्दा : लाइट जाणं आणि बटण बंद करणं, यात फाइलच्या दृष्टीने काहीच फरक नाही. दोन्ही वेळी वीज तुटली. दोन्ही वेळी त्याच प्रकारचं सेव्ह उघडलं. पहिला प्रसंग चालतो, तर दुसरा का नको?

तिसरा मुद्दा : नियमाची कड तशीही धूसर आहे. लढाईच्या आधी इंटरनेटवर त्या शत्रूचे सगळे डाव वाचून जाणं चालतं. पहिल्या दोन प्रयत्नांत मरून शिकलेलं तिसऱ्यात वापरणं चालतं. मग एका बटणाचं एवढं काय?

या मुद्द्यांशी झगडताना मला सारखं महाभारतच आठवत होतं. फासे म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? सभापर्वात युधिष्ठिर सगळं हरतो. मग धृतराष्ट्र द्रौपदीला वर देतो आणि हरलेलं सगळं परत करतो. आमच्या भाषेत, तो जुनं सेव्ह उघडतो. आणि युधिष्ठिर काय करतो? पुन्हा बोलावणं येताच परत जाऊन बसतो आणि पुन्हा हरतो. या वेळची अट ऑनर मोडची आहे : बारा वर्षं वनवास, तेरावं वर्ष अज्ञातवास, त्या वर्षात ओळखले गेलात तर पुन्हा बारा वर्षं.

वनात भीम अस्वस्थ होतो. वनपर्वात तो युधिष्ठिरापुढे एक युक्तिवाद करतो. आपले तेरा महिने झाले आहेत. महिना हा वर्षाच्या जागी धरता येतो असं जाणते सांगतात. तेव्हा तेरा वर्षं पुरी झाली असं समजू आणि लढू. हा माझ्या तिन्ही मुद्द्यांचा पणजोबा आहे. भीमाची बाजू माझ्यापेक्षा कितीतरी बळकट होती. समोरच्यांनी कपटाने जिंकलं होतं, भर सभेत द्रौपदीची विटंबना केली होती. तरी युधिष्ठिर ऐकत नाही.

पुढे विराटपर्वात, अर्जुन उघड झाल्यावर, दुर्योधन म्हणतो की तेरावं वर्ष संपलेलंच नाही. तेव्हा भीष्म हिशेब करतो : पाच वर्षांत दोन अधिक मास येतात, त्याप्रमाणे तेरा वर्षांत पाच महिने आणि बारा दिवस वरचे होतात. म्हणजे मुदत पुरी झाली आहे. वरवर पाहता भीमही हिशेबच मांडत होता आणि भीष्मही. एकाचा आपल्याला पळवाट वाटतो आणि दुसऱ्याचा निवाडा. असं का?

मला सुचलेलं उत्तर असं : भीष्माचं गणित सर्वांसमोर मांडलेलं आहे, दुर्योधनासमोरही. कुणीही तपासावं. शिवाय ते कालगणनेच्या रूढ रीतीतून आलं आहे, त्याला हवं म्हणून जन्मलेलं नाही. भीमाला आधी लढायचं होतं आणि मग त्यासाठी त्याने गणित शोधलं. पण भीमाचीही एक बाजू आहे, आणि ती माझ्यापाशी नव्हती. तो जे काही म्हणाला ते मोठ्या भावाच्या तोंडावर, मोकळेपणाने म्हणाला.

*

आता माझ्या तीन मुद्द्यांकडे परत येतो.

कड धूसर आहे, हे खरंच. इंटरनेटवर वाचून लढणं योग्य की नाही, यावर दोन खेळाडू प्रामाणिकपणे भांडू शकतात. पण कुठे कड धूसर आहे म्हणून सगळीकडेच काही दिसत नाही असं होत नाही. इंटरनेटवर वाचलं हे मी मित्राला सहज सांगितलं होतं. लाइट गेली हेही सांगितलं होतं. बटणाचं सांगितलं नाही. माझ्या मते तो प्रसंग कुठे मोडतो, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. युक्तिवाद मी नंतर गोळा केले.

लाइट आणि बटण यातला फरक फाइलला कळत नाही, हेही खरं. पण नियम फाइलशी नव्हताच. ‘हरायची वेळ येईल तेव्हा मी हार घेईन’ असा तो होता. लाइट गेली तेव्हा मला ती निवड करायची वेळच आली नाही. बटणाच्या वेळी आली, आणि मी निवड केली. मित्राला नंतर सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “मग राफाएलच्या वेळी लाइट आल्यावर तू स्वतःहून हरलो म्हणायला हवं होतं.” मी यावर बराच विचार केला. तेव्हा मी हरलेलो नव्हतो, एक माणूस अजून उभा होता. पण मनाला विचारलं, तर लाइट गेल्याचा आनंद झाला होता. बटणाची वाट मला त्या आनंदाने दाखवली असेल.

राहिला कांटचा पेच. माझ्यापुरतं उत्तर मला स्वयंपाकघरात मिळालं.

एका एकादशीला आई आमच्यासाठी स्वयंपाक करत होती. वरणात मीठ बरोबर आहे का बघायला तिने सवयीने चमचाभर चाखलं. मग हात तसाच थांबला. मी तिथेच होतो. “चुकून झालं, चालते ते,” मी म्हणालो. घरातल्या कुणीही हेच म्हटलं असतं, आणि कुठल्याही पुजाऱ्याने. ती म्हणाली, “चालते का नाही मले माहीत नाही. आज मोडला. पुढच्या वेळी धरीन.” आणि संध्याकाळी आमच्यासोबत भात जेवली. चेहऱ्यावर ना अपराध, ना खंत. रात्री मावशीचा फोन आला, तेव्हा तिलाही तेच सांगितलं.

तिने स्वतःच बांधलेली गाठ स्वतःच सोडली. म्हणजे बांधणारा सोडू शकतो, यात कांटच्या पेचातला युक्तिवाद बरोबरच आहे. फक्त सोडल्यावर ती सुटलेली असते. मला ती सोडायचीही होती आणि बांधलेली आहे असं दाखवायचंही होतं. खरं तर गेमने मला रीतसर सोय दिली होती : ऑनर मोड बंद करा आणि पुढे खेळा. त्यात काहीच कमीपणा नव्हता. गोष्ट तीच, राफाएल तोच, शेवट तोच. फक्त फासा मिळाला नसता. मी बटण दाबलं ते गोष्टीसाठी नाही, फाशासाठी.

आणि फासा हे एक विधान आहे. ‘याने दुसरी संधी न घेता हे केलं’ एवढंच तो म्हणतो. ते विधान खोटं आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि फासा रोज त्याच माणसासमोर घरंगळणार होता.

*

अशा लेखाच्या शेवटी ‘आयुष्यात सेव्ह नसतो’ असं वाक्य यायचा मोह होतो. ते मला खरं वाटत नाही. आयुष्यात सेव्ह बऱ्याच जणांना असतात. पाऊस दडी मारतो तेव्हा आमच्याकडे धानाचे पऱ्हे पुन्हा टाकतात. परीक्षा पुन्हा देता येते. माझा तर अख्खा धंदाच केलेलं परत फिरवण्यावर चालतो. कोड बिघडलं, मागची आवृत्ती आणा. ही चांगली गोष्ट आहे, माणसं त्यामुळे निर्धास्तपणे काम करतात. फरक एवढाच की काहींना दहा सेव्ह मिळतात आणि काहींना पऱ्ह्यांचं बी घ्यायला दुसऱ्यांदा पैसे नसतात. ज्यांच्यावर ऑनर मोड लादलेला आहे, त्यांच्यापुढे आपण हौसेने निवडलेल्या कठीणपणाचा गवगवा करू नये, एवढं भान मला असावं.

पण त्या बटणाचा कामाशी संबंध आहे, तो सांगायला हवा. आमच्याकडे कोड पुढे पाठवण्याआधी त्याच्या आपोआप चाचण्या होतात. काही चाचण्या लहरी असतात. त्याच कोडवर कधी पास होतात, कधी नापास. मग इंजिनीअर काय करतो? पुन्हा चालवतो. तिसऱ्या वेळी हिरवी झाली की पुढे पाठवतो. मीही हे कित्येकदा केलं आहे. एकदा त्यातली एक चाचणी लहरी नव्हती. ती खरंच काहीतरी सांगत होती आणि मी ती हिरवी होईपर्यंत चालवत राहिलो होतो. ग्राहकांकडे बिघाड गेला, दोन दिवस निस्तरत बसलो. ही सवय गेमने लावली असं मी म्हणणार नाही, ती गेमच्या आधीची आहे. पण अन्सुरच्या रात्री मी तिला पहिल्यांदा कामाच्या कपड्यांशिवाय पाहिलं. तिथे डेडलाइन नव्हती, वरिष्ठ नव्हते, ‘सगळेच करतात’ नव्हतं. हवं ते दान पडेपर्यंत फासा टाकत राहायचं आणि मग तेच पहिलं दान होतं असं सांगायचं, इतकंच उरलं होतं. आता एखादी चाचणी दुसऱ्यांदा चालवली, तर तसं मी नोंदीत लिहितो. त्याने मी फार मोठा माणूस होत नाही. पण वाचणाऱ्याला निदान माझं म्हणणं तपासता येतं.

दिवाळीनंतर मी चौथा प्रयत्न सुरू केला. साध्या फाशाने. दुसऱ्या भागात, सावल्यांनी ग्रासलेल्या प्रदेशात, एका लढाईत चौघंही मेले. लाइट होती. गेमने हिशेब दाखवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी ऑनर मोड बंद केला, मित्राला तसा मेसेज केला, आणि पुढे खेळायला बसलो.